हाकेच्या अंतरावर कोण आहे?

पत्र:

माझी मुलगी २३ वर्षांची आहे. १७व्या वर्षापासून तिला फिट येतात, जवळजवळ सगळ्या झोपेत, बहुतेक पहाटे. अंग ताठ होतं, मग हातपाय झटकतात, तोंडाला फेस येतो. गोळ्या चालू आहेत, तरी गेल्या वर्षी चार वेळा आली. सहा वर्षं मी तिच्या शेजारीच झोपते. जुन्या ओढणीचं एक टोक तिच्या मनगटाला आणि दुसरं माझ्या मनगटाला बांधते, म्हणजे ती हलली की मला जाग येते. आता तिला हिंजवडीत नोकरी लागली आहे. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं आहे, तिघींच्या खोलीत पीजी बघितलं आहे. मैत्रिणींना काही सांगायचं नाही असं ती म्हणते. तिचे बाबा म्हणतात, नोकरीच नको. मुलगा म्हणतो, फिट ओळखणारं घड्याळ घेऊ, गजर आईच्या मोबाइलवर वाजेल. फिटच्या माणसाला झोपेत मृत्यू येऊ शकतो असं मी वाचलं आहे. तिला ते सांगितलेलं नाही. घड्याळ घेऊ, खोलीत कॅमेरा लावू, की मीच पुण्याला जाऊन राहू?
– एक आई, कराड

ताई,

पत्र वाचलं आणि ती ओढणी डोळ्यांपुढून हलेना. २६ वर्षं मी मेंदूविकाराच्या वॉर्डात नर्स होते, निम्म्याहून जास्त रात्रपाळीत. या काळात आयांचे असे किती तरी उपाय पाहिले. कुणी पोराच्या पायात पैंजण घालायची, कुणी खाटेच्या दांडीला देवघरातली घंटा अडकवायची. एका आजीनं नातवाच्या गादीखाली वाळलेली पानं पसरली होती, कुरकुरली की कळावं म्हणून. हजारो रुपयांच्या यंत्रात जे असतं तेच या सगळ्यात आहे: तो हलला की कुणाला तरी जाग यावी.

जाग आल्यावर काय, हे मात्र यंत्र बघत नाही. तुमच्या ओढणीनं सहा वर्षं काम केलं ते तिच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही होतात म्हणून. घड्याळ, कॅमेरा, तुमचं पुण्याला जाणं, या तिन्हींना एकच प्रश्न विचारून बघा. पहाटे चारला फिट आली तर त्या क्षणी हाकेच्या अंतरावर कोण असेल, आणि ते माणूस किती मिनिटांत तिला कुशीवर वळवेल? तुमच्या मोबाइलवर गजर वाजला, तुम्ही कराडला धडपडून उठलात, मधे साडेतीन तासांचा रस्ता. मुलाची कल्पना मायेची आहे, पण अशी लावली तर त्या गजरानं तुमची झोप तेवढी जाईल.

तुम्ही जे वाचलंत त्याबद्दल आधी बोलू, कारण त्या भीतीनंच तुम्ही हे पत्र लिहिलंय. होय, ते खरं आहे. अपस्मार, म्हणजे हा फिटचा आजार, असलेल्या माणसाचा कधी कधी दुसरं कुठलंही कारण न सापडता अचानक मृत्यू होतो. डॉक्टर त्याला सुडेप म्हणतात. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ साली दिलेला अंदाज असा, की अपस्मार असलेल्या १००० प्रौढांमागे वर्षाला एक. म्हणजे ९९९ जण त्या वर्षातून सुखरूप बाहेर पडतात. पण हा आकडा सगळ्यांचा सरासरी आहे आणि तुमच्या लेकीचा धोका सरासरीहून जास्त आहे, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. अंग ताठ होऊन हातपाय झटकणारी मोठी फिट वर्षात तीन किंवा जास्त वेळा येत असेल, तर हा धोका कित्येक पटींनी वाढतो. स्वीडनमधल्या २०२०च्या अभ्यासात असं दिसलं, की मोठ्या फिट येणारी आणि रात्री खोलीत एकटी झोपणारी माणसं सगळ्यात जास्त धोक्यात होती.

असं का होतं तेही समजून घ्या, म्हणजे पहारा कशावर द्यायचा ते कळेल. फिटची नोंद करणाऱ्या खास वॉर्डांत असे मृत्यू झाले, त्यांच्या नोंदी जगभरातून गोळा करून २०१३ साली तपासल्या गेल्या. बहुतेक मृत्यू रात्रीचे होते. मोठी फिट थांबल्यानंतरच्या पहिल्या तीन मिनिटांतच श्वास आणि हृदय बिघडायला सुरुवात झाली होती, आणि श्वास आधी थांबला होता, हृदय नंतर. अशा मृत्यूंत बहुतेकदा फिट संपताना माणूस पालथा असतो, तोंड उशीत रुतलेलं असतं आणि मान उचलण्याचं त्राण नसतं. अशा वेळी कुणी नुसतं वळवलं, हलवलं, नावानं हाक मारली, तरी श्वासाला मदत होते. शेजारच्या माणसाचं मोल इथे आहे. तुम्ही सहा वर्षं जे केलंत ते वेडेपण नव्हतं, ताई. घरात कुणी तसं म्हणालं असेल तर त्यांना हे वाचायला द्या.

आता हे लेकीला सांगा. तुम्हाला जमणार नसेल तर डॉक्टरांना सांगायला लावा, पण तिच्यापासून लपवू नका. ती २३ वर्षांची आहे, जीव तिचा आहे. नेमका धोका कशात आहे हे ठाऊक नसल्यामुळे ‘कुणाला काही सांगायचं नाही’ असं ती म्हणू शकते. वॉर्डात पाहिलेलं सांगते, खरं कळल्यावर तरुण मुलं गोळ्या जास्त नीट घेतात.

रुजू होण्याआधी न्यूरॉलॉजिस्टची वेळ घ्या, आणि तिथे चार हा आकडा स्पष्ट सांगा. ‘तशी बरी आहे, अधूनमधून येते’ असं आपण डॉक्टरांपुढे म्हणून जातो. वर्षाला चार मोठ्या फिट म्हणजे आजार ताब्यात नाही. डोस वाढवायचा, गोळी बदलायची की दुसरी जोडायची, हा निर्णय डॉक्टरांचा. पण तो मागायला हवा, कारण फिट न येणं हाच सगळ्यात पक्का पहारा आहे. योग्य औषधं मिळाली तर दहांतल्या सातांच्या फिट थांबू शकतात. दोन औषधं नीट निवडून, पुरेशा डोसात, नियमित घेऊनही थांबत नसतील तर अपस्माराच्या खास केंद्रात जाऊन पुढचे पर्याय विचारायचे, त्यात शस्त्रक्रियाही येते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेत त्या १९९५पासून होताहेत, मुंबईतही होतात. मेंदूचं ऑपरेशन म्हटलं की पोटात गोळा येतो, पण सगळ्यांनाच ते लागत नाही आणि नुसतं विचारायला जायला काहीच हरकत नाही. डॉक्टर गोळ्या बदलत असतील तर नोकरी महिनाभर पुढे ढकलता येते का बघा. स्वतःच्या मनानं गोळी मात्र एक दिवसही बंद करायची नाही. एकदम थांबवली की फिटवर फिट येऊ शकते.

आणखी एक. तुम्ही चार म्हणता, पण चारच का? जर्मनीतल्या बॉन शहरात वॉर्डातल्या रुग्णांना आपापल्या फिटची नोंद ठेवायला सांगितलं आणि ती कॅमेऱ्याच्या व ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या, नोंदींशी ताडून बघितली. झोपेत आलेल्या फिटपैकी सुमारे ८६ टक्के त्यांनी लिहिल्याच नव्हत्या. २००७ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा आम्हा रात्रपाळीवाल्यांना त्याचं नवल वाटलं नाही. सकाळी खुर्चीतून उठून ‘शांत झोपला हो रात्रभर’ म्हणणारे नातेवाईक आणि त्याच रात्रीच्या दोन फिट दाखवणारा कागद मी कितीदा एकाच वेळी पाहिले आहेत. म्हणून सकाळच्या खुणा बघायला तिला शिकवा. जिभेची कड चावलेली, उशीवर लाळेचा किंवा रक्ताचा डाग, अंथरूण ओलं, उठल्यावर डोकं जड आणि अंग कुटून काढल्यासारखं. यातलं काही दिसलं की तारीख मोबाइलमध्ये टिपायची. घरी असताना फिट आली तर तिला कुशीवर वळवल्यावर दुसऱ्या कुणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा. डॉक्टरांना तुमच्या दहा वाक्यांपेक्षा त्यातून जास्त कळतं.

आता घड्याळ. फिट ओळखणारी उपकरणं खरोखर आहेत. एम्पॅटिका कंपनीच्या ‘एम्ब्रेस’ या मनगटी पट्ट्याला अमेरिकेच्या औषध नियामकाची मान्यता २०१८ साली मिळाली. नेदरलँड्सचं ‘नाइटवॉच’ दंडाला बांधतात, ते हालचाल आणि हृदयाचे ठोके बघतं. गादीखाली घालायच्या चटयाही मिळतात. ही उपकरणं मोठ्या, झटक्यांच्या फिट बऱ्यापैकी पकडतात, झटके नसलेल्या फिट सोडून देतात, आणि कधी कधी दात घासताना किंवा टाळ्या वाजवतानाही वाजतात. अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२१ साली सांगितलं, की ज्यांच्यावर कुणाचं लक्ष नसतं आणि गजर वाजल्यावर पाच मिनिटांत कुणी तरी पोचू शकतं, त्यांनी अशी उपकरणं वापरावीत. पोचू शकणारं माणूस ही त्यातली अटच आहे. अशा उपकरणानं मृत्यू टळतात असं अजून सिद्ध झालेलं नाही.

तेव्हा घेणारच असाल तर गजर आधी खोलीतल्या मैत्रिणीच्या फोनवर जोडा, तुमच्या फोनवर नंतर. तो फोन रात्री सायलेंटवर नसावा. पट्टा संध्याकाळी अंघोळ-जेवणाच्या वेळात चार्ज करायचा, रात्री नाही. हजार-दोन हजाराच्या साध्या स्मार्टवॉचवर विसंबू नका. पडल्याचं ओळखणारं घड्याळसुद्धा आधीच आडव्या असलेल्या माणसाला काय ओळखणार? करोनात घेतलेला बोटाचा ऑक्सिमीटर कपाटात असेल, तोही यासाठी कामाचा नाही. तो पहिल्याच झटक्यात निघून पडतो. तिघी एका खोलीत झोपणार असतील आणि एकीला तरी सगळं ठाऊक असेल, तर माझ्या मते घड्याळाशिवाय सुरुवात करायला हरकत नाही. उलट सगळं गुपित ठेवून नुसतं घड्याळ घालणार असेल, तर मी नको म्हणेन.

कॅमेरा नकोच. ती तिघींची खोली आहे. बाकीच्या दोघींच्या कपडे बदलण्या-झोपण्यावर रोखलेला कॅमेरा कुणी मान्य करणार नाही, करूही नये.

म्हणजे सगळं शेवटी मैत्रिणींना सांगण्यावर येतं, आणि लेकीला तेच नकोय. तिची भीती मला कळते. बातमी ऑफिसात जाईल, उद्या लग्नाच्या वेळी कुणी तरी उकरून काढेल. १९९९ साली हिंदू विवाह कायद्यातून लग्नाच्या आड येणारी अपस्माराची अट काढली गेली, लोकांच्या डोक्यातून ती अजून पुरती गेलेली नाही. पण लपवायचं म्हटलं की गोळ्याही लपवाव्या लागतात. मैत्रिणी झोपेपर्यंत थांबू, मग घेऊ, असं करता करता गोळी राहते, आणि राहिलेली गोळी हे फिटचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. सगळ्या जगाला सांगायची गरज नाही. खोलीतल्या दोघी आणि पीजीच्या काकू, बस. पहिल्याच आठवड्यात, चहा पिताना, तिनं स्वतः सांगावं. रडून नाही, माफी मागूनही नाही. ‘मला झोपेत कधी तरी फिट येते. दोन-तीन मिनिटांत थांबते. घाबरू नका, फक्त मला कुशीवर वळवा.’ या तीन वाक्यांनंतर दहापैकी नऊ मुली एवढंच विचारतात, कसं वळवायचं?

ते करून दाखवावं लागतं, नुसतं सांगून येत नाही. एकीनं पलंगावर उताणं पडायचं. दुसरीनं बाजूला गुडघ्यावर बसायचं आणि पडलेलीचा आपल्याजवळचा हात कोपरात वाकवून डोक्याशी ठेवायचा. मग लांबचा गुडघा वर दुमडायचा, एक हात त्या गुडघ्यावर, दुसरा त्याच बाजूच्या खांद्यावर, आणि आपल्याकडे ओढायचं. अंग आपोआप कलंडतं. मान किंचित मागे, तोंड खालच्या बाजूला, म्हणजे लाळ आत न जाता बाहेर गळते. आधी पालथी असेल तर तोंड उशीतून सोडवायचं आणि मग कुशीवर आणायचं. दहा किलो वजन न उचलणारी मुलगीही हे करते, वॉर्डातल्या शिकाऊ मुली पहिल्याच दिवशी करायच्या.

बाकी थोडकं आहे. दिवा लावून आधी घड्याळात वेळ बघायची, कारण अशा वेळी एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं. झटके चालू असताना हातपाय दाबून धरायचे नाहीत, टोकदार वस्तू तेवढ्या बाजूला सारायच्या, आणि झटके सैल पडू लागले की वळवायचं. तोंडात चमचा नको, बोट नको, पाणी नको. कांदा आणि चप्पल हुंगवणं तर नकोच, त्यात मोलाचा वेळ जातो. झटके थांबल्यावर छाती हलते का ते बघायचं, नावानं हाका मारायच्या, आणि ती नीट उत्तर देईपर्यंत शेजारून उठायचं नाही. लगेच दिवा मालवून झोपायला जाणं ही सगळ्यात मोठी चूक. फिट पाच मिनिटांपुढे गेली, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर १०८ला फोन. फिट थांबवणाऱ्या मिडॅझोलॅम या औषधाचा नाकात मारायचा स्प्रे मिळतो. तिच्यासाठी योग्य आहे का आणि किती मारायचा हे डॉक्टरांना विचारा, त्यांनी दिला तर तो कुठे ठेवलाय ते दोघींना ठाऊक हवं. श्वासच दिसत नसेल तर एकीनं छाती दाबायला लागायचं आणि दुसरीनं १०८ला फोन करायचा.

खोली बघायला तुम्ही स्वतः जा. दुमजली पलंग असेल तर वरचा तिचा नाही. पलंग आणि भिंत यांत फट असेल तर एक तर चिकटवून टाका, नाही तर हातभर लांब ओढा. फुगीर मऊ उशी काढून पातळ, घट्ट उशी द्या. पाठीवर किंवा कुशीवर झोपायची सवय लावून घ्यावी, पण फिटमध्ये माणूस आपोआप पालथा होऊ शकतो, त्यामुळे तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. खोलीला आणि बाथरूमला आतून कडी नको. दारावर ‘आत आहे’ अशी पाटी अडकवली की काम भागतं.

पीजी शनिवार-रविवारी रिकामं होतं, गणपतीत आणि दिवाळीत तर पूर्ण रिकामं. ज्या रात्री दोघीही गावी गेल्यात, त्या रात्री तिच्या खोलीत कोण? हे आधीच ठरवा. शुक्रवारी ती कराडला येईल, नाही तर पुण्यातल्या आत्याकडे-मावशीकडे जाईल, नाही तर शेजारच्या खोलीतली मुलगी झोपायला येईल. याचं उत्तर नसेल तर पीजी बदला. कंपनीत रात्रपाळी किंवा अमेरिकेच्या वेळेची पाळी मागितली तर डॉक्टरांचं पत्र देऊन नाही म्हणायचं. मोडलेली झोप फिटला आमंत्रण देते. म्हणूनच रात्रभर बस करून सोमवारी थेट ऑफिसला जाणं नको, कोजागरीचं जागरण नको, आणि गोळीसुद्धा न घेण्याइतका कडक उपास नको. गोळ्यांच्या दोन डब्या असू द्या, एक खोलीत आणि एक पर्समध्ये.

आता तुमचं. पहिले आठ-पंधरा दिवस पुण्याला जाऊन राहा, जवळपास कुणाकडे तरी. मुलींना भेटा, खायला करून न्या, काकूंना फोन नंबर द्या. पण रात्री तिच्या खोलीत झोपू नका, त्या दोघींना त्यांची जबाबदारी घेऊ द्या. मग परत या. कायमचं राहू नका. सहा वर्षांत सलग चार तास झोपला नसाल तुम्ही. आता तुमचं बीपी, तुमचे गुडघे, तुमचं चिडणं, सगळं त्या झोपेशी बांधलेलं आहे. रोज रात्री झोपण्याआधी ‘गोळी घेतली, खोलीत अमुक आहे’ एवढा मेसेज तिनं करावा आणि सकाळी उठल्यावर एक. त्यापलीकडे पहाटे तीनला फोन करून तिची झोप मोडू नका.

तिच्या बाबांना सांगा, नोकरी नाकारून फिट थांबणार नाही. ती घरातही पहाटेच येते. त्यांच्यासाठी दुसरं काम आहे. आज जेवणं झाली की त्यांना पलंगावर उताणं झोपवा आणि लेकीला म्हणा, मैत्रिणींना जसं शिकवणार आहेस तसं बाबांना वळवून दाखव. मग बाबांनी तिला वळवायचं. आणि आजची रात्र ओढणी न बांधता, दोन गाद्या शेजारी घालून, बाबांना तिच्या जवळ झोपू द्या. तुम्ही आतल्या खोलीत, दार उघडं ठेवून.

डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा.